निखाऱ्यांवर भाजलेली भाकर

आजचे वाचन: निर्गम १२:३४–३९ आणि १ राजे १९:१–८



आज पेसाहचा चौथा दिवस. घराघरात आता मात्साचे तुकडे सोफ्याखालीही सापडायला लागले असतील. पहिल्या रात्रीचा उत्साह ओसरलेला असतो, मुलं "अजून किती दिवस?" असं विचारायला लागतात, आणि गृहिणीच्या मनात एकच प्रश्न असतो, की उद्या डब्यात काय देऊ. आजचं मनन नेमकं त्या डब्याबद्दल आहे. म्हणजे तोराबद्दलच आहे, पण वाट स्वयंपाकघरातून जाते.

निर्गमच्या बाराव्या अध्यायात आपले पूर्वज मिसरातून निघतात ती रात्र आहे. चौतिसाव्या वचनात लोकांनी न फुगलेली कणीक परातीसकट कपड्यात गुंडाळून खांद्यावर टाकली. मग एकोणचाळिसाव्या वचनात त्यांनी त्याच कणकेच्या बेखमीर भाकरी भाजल्या, कारण त्यांना हाकलून दिलं होतं, थांबायला वेळच नव्हता आणि वाटेसाठी दुसरी काही शिदोरीही केलेली नव्हती. हे आपण दरवर्षी वाचतो. पण मूळ हिब्रूत तिथे नुसतं 'मात्सोत' लिहिलेलं नाही. 'उगोत मात्सोत' असे दोन शब्द आहेत. उगा म्हणजे गोल भाकर, जाडसर रोट. आज इस्राएलमध्ये वाढदिवसाच्या केकलाही उगाच म्हणतात. आमच्या घरातली नातवंडं सेदेरच्या रात्री हे वाक्य आलं की हसतात, त्यांना वाटतं मोशेच्या काळात केक होता.

हा उगा शब्द तनाखमध्ये फार ठिकाणी येत नाही. म्हणून जिथे येतो तिथे मी थांबते. अब्राहामाकडे तीन पाहुणे येतात तेव्हा तो साराला घाईघाईने उगा करायला सांगतो. सारफथच्या विधवेकडे मूठभर पीठ उरलेलं असतं, आणि एलियाहू हनाबी तिला म्हणतो की आधी मला एक छोटी उगा करून आण. आणि तिसरी जागा म्हणजे आजचं दुसरं वाचन. तिकडे जाण्याआधी मला आमच्या घरातली गोष्ट सांगायची आहे, कारण या वर्षी ती वचनं मी वाचली ती या गोष्टीसाठीच.

माझी विहीण सुक्कोथनंतर दोन आठवड्यांनी गेली. अचानकच. तिचं घराणं मूळ पोलंडचं. तिची आई महायुद्धानंतर इथे आली ती एकटी, मागे कोणी उरलं नव्हतं. भूक म्हणजे काय ते त्या बाईंनी जन्मभर कुणाला सांगितलं नाही, पण त्यांच्या घरात टेबलावर भाकरीची टोपली रिकामी दिसली असं एकदाही झालं नाही. आणि पेसाह आला की त्या आठवडाभर मात्साच्या पिठाचे पाव करायच्या. छोटे, गोल, वरून सुरीने एक चीर दिलेले. मुलांच्या डब्यात एक, नवऱ्याच्या खिशात एक, आणि दारात आलेल्या माणसाच्या हातात एक. ती कृती माझ्या विहिणीकडे आली, विहिणीकडून माझ्या सुनेकडे. कागदावर काही नाही, सगळं हाताच्या अंदाजाने.

या वर्षी सुनेचा आईशिवायचा पहिला पेसाह. ती मुलांना घेऊन आमच्याकडे बेर शेवाला आली आणि पर्वाच्या दोन दिवस आधी मला हळूच म्हणाली, "मी आईचे पाव तुमच्या स्वयंपाकघरात केले तर चालेल?"

प्रश्न मला विचारला होता, पण परवानगी माझी नव्हती. आमच्या घरात पेसाहचं स्वयंपाकघर अजून माझ्या आईचं आहे. आई नव्वदीच्या पुढे आहे, पेणची. तिने ऐकलं आणि म्हणाली, "पाव? पेसाहात? माझ्या जिवंतपणी नाही."

आता तुम्ही म्हणाल, म्हातारी माणसं असतातच अशी. तसं नाही. आईचा नकार कुठून येतो ते समजून घेतलं पाहिजे, नाहीतर या गोष्टीत काही अर्थ उरत नाही.

कोकणात आपल्या बेने इस्राएलांजवळ कितीतरी पिढ्या पुस्तकं नव्हती, रब्बी नव्हते. तेल गाळायचं, शनिवारी घाणा बंद ठेवायचा, शेमा म्हणायचा, एवढ्यावर आपण टिकलो. पेसाहचं नावसुद्धा लोक विसरले होते, पण सण विसरले नव्हते. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या इतिहासात नोंदवलंय की पूर्वी हा सण आंबट पाण्याचं भांडं झाकून ठेवण्याचा सण म्हणून ओळखला जायचा. विचार करा. कारण विसरलं, कथा विसरली, मिसर विसरलं, पण आंबवलेलं काहीतरी या दिवसांत झाकून ठेवायचं असतं एवढं हाताला आठवत राहिलं. मला वाटतं, जगातल्या कुठल्याही यहुदी समाजाने हामेत्सची आज्ञा इतक्या अंधारात इतकी घट्ट धरून ठेवली नसेल. नंतर पुस्तकं आली. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह हगादा छापला गेला, त्यातल्या चित्रांत साड्या नेसलेल्या आपल्या बायका जमिनीवर बसून मात्सा करताना दाखवल्या आहेत. आईने तिच्या लहानपणी पेणला हे असंच पाहिलं. घराला चुना लावायचा, तांब्याच्या भांड्यांना कल्हई करून घ्यायची, पाणी आदल्या रात्री भरून झाकून ठेवायचं, आणि मग पीठ भिजवल्यापासून तव्यावर जाईपर्यंत कुणी बोलायचंसुद्धा नाही, हात थांबता कामा नये.

आणि मग आई इथे आली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. त्या वेळी इथे आपल्या लोकांच्या लग्नांवरून मोठा वाद उभा राहिला होता, की बेने इस्राएल पुरेसे यहुदी आहेत की नाहीत. लोकांनी धरणी धरली, उपास केले, आणि शेवटी १९६४ साली क्नेसेटने स्पष्ट केलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत. पुस्तकात हा एक परिच्छेद असतो. आईच्या आयुष्यात तो एक टेबल होता, आणि टेबलापलीकडे बसलेला एक माणूस, जो तिला तिच्या आजीच्या आजीबद्दल विचारत होता. ज्याच्या यहुदी असण्यावर शंका घेतली जाते ना, तो नियमांत सूट घेत नाही. दुसऱ्यांनी घेतली तर घेतली. आई म्हणते, "ज्यांना कुणी विचारत नाही त्यांनी पाव खावे."

म्हणजे बघा. एका आईने उपासमार पाहिली म्हणून तिच्या टेबलावर भाकरीसारखं काहीतरी असायलाच हवं होतं. दुसऱ्या आईने संशय पाहिला म्हणून तिच्या टेबलावर भाकरीसारखं काहीही दिसता कामा नये. दोघींना जखमा आहेत, आणि दोन्ही जखमा भाकरीच्याच जागी आहेत. मधे माझी सून उभी.

मी त्या दोन दिवसांत काय केलं? कायदा पाहिला, आणि मग वचन पाहिलं. या क्रमाने.

कायदा सोपा आहे, पण पुष्कळांना ठाऊक नसतो म्हणून सांगते. हामेत्स म्हणजे फुगलेलं, असं नाही. गहू, जव आणि त्यांच्या जवळची आणखी तीन धान्यं, अशा पाच धान्यांपैकी एकाच्या पिठाला पाणी लागलं आणि ते न भाजता राहिलं की हामेत्स. रब्बींनी हिशेब लावला तो अठरा मिनिटांचा. अठरा मिनिटांत भाजलं तर मात्सा, हात थांबवून बसलात तर हामेत्स. पीठ तेच, पाणी तेच. हिब्रूत हे दोन शब्द लिहून पाहा, तीन अक्षरांपैकी दोन सारखी आहेत, आणि तिसऱ्यात फरक आहे तो एका बारीक फटीचा. सगळा फरक वेळेचा आहे, आकाराचा नाही. आणि एकदा भाजून मात्सा झालं की ते पुन्हा हामेत्स होत नाही. म्हणून मात्सा कुटून केलेल्या पिठात पाणी घाला, अंडी घाला, गोल करा, चौकोनी करा, बहुतेक सगळ्या समाजांना ते चालतं. काही हसिदी घरं मात्साला पाणीच लावत नाहीत, आत कुठे कच्चं पीठ राहिलं असेल या भीतीने. त्यांचा मान ठेवावा. पण ती त्यांची कुंपणाबाहेरची दुसरी रांग आहे.

उलट भाताचं पाहा. आम्ही पेसाहात भात खातो, तांदळाची भाकरी खातो. विहीण आमच्याकडे यायची तेव्हा भाताच्या पातेल्याकडे अशी बघायची, जसं काही त्यात डुक्कर शिजतंय! अश्केनाझी लोकांनी मध्ययुगापासून तांदूळ आणि डाळी बंद केल्या. पण तालमुदात, पेसाहीमच्या भागात, रव हूना सेदेरच्या ताटात काय ठेवावं ते सांगतो: बीटचा पाला आणि तांदूळ. आणि रवा नावाचा थोर रब्बी दरवर्षी मुद्दाम तेच शोधत फिरायचा, का, तर गुरूच्या तोंडून ते निघालं होतं म्हणून. तांदूळ आंबत नाही, तो नासतो, असं त्यांचं म्हणणं. (इडलीचं पीठ रात्रभरात झाकण उचलतं हे त्या रब्बींना कोण सांगणार, पण कायदा झाला तो झाला.) तर मुद्दा काय, की विहिणीच्या नजरेत आमचं टेबल सैल होतं आणि आईच्या नजरेत तिचं. दोघीही काटेकोर पाळणाऱ्या, दोघीही आपापल्या आईचं ऐकणाऱ्या. सोळा वर्षं त्या एकमेकींच्या घरी पेसाहात फक्त उकडलेले बटाटे आणि अंडी खात आल्या.

पण कायदा दाखवून आईचं मन वळणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते वळवायचंही नव्हतं. माणूस नव्वदीत कायद्यासाठी भांडत नसतो. म्हणून मी १ राजेचा एकोणिसावा अध्याय उघडला.

कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला एलियाहू हनाबी इजबेल राणीच्या धमकीने पळतो. पळत पळत कुठे येतो? बेर शेवाला! आमच्या गावाला. आपल्या सेवकाला इथेच ठेवतो आणि एकटा एक दिवसाची वाट चालून रानात जातो. तिथे रोतेमच्या झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो की पुरे झालं, आता माझा जीव घे. हे झुडूप इथून दक्षिणेला अजूनही सगळीकडे आहे, वाळूत वाढतं, पेसाहच्या आधी पांढऱ्या बारीक फुलांनी भरतं. सावली म्हणाल तर नावाला. कुठल्या माणसाला या झुडपाखाली झोप लागेल? ज्याला आता सावलीचीही पर्वा उरली नाही, त्याला.

आपण बेने इस्राएल एलियाहूला घरचा माणूस मानतो. लग्न असो, बारसं असो, नवस फिटलेला असो, मलिद्याचं ताट त्याच्या नावाने. अलिबागजवळच्या त्याच्या टाप्यावर आपले लोक अजून जातात. सेदेरच्या रात्री पेला भरून दार उघडतो ते त्याच्यासाठी. पण मलिद्याच्या ताटामागचा एलियाहू म्हणजे रथावर बसून स्वर्गात गेलेला विजयी एलियाहू. झुडपाखाली पडून मरण मागणारा एलियाहू आपल्याला फारसा आठवत नाही.

तो झोपतो. आणि एक दूत त्याला स्पर्श करून म्हणतो, ऊठ, खा. पाहतो तर उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली एक उगा आणि पाण्याचा चंबू. तो खातो, पितो, आणि पुन्हा झोपतो. इथे थांबा. माझ्या मते सगळ्या अध्यायात हे सगळ्यात खरं वाक्य आहे. खाऊन तो लगेच उठून चालायला लागत नाही. चमत्काराची भाकर खाऊनसुद्धा तो पुन्हा आडवा होतो. आणि दूत रागवत नाही. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा स्पर्श करतो, पुन्हा म्हणतो, खा, कारण वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे. मग तो उठतो, आणि त्या अन्नाच्या बळावर चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालत होरेबला पोहोचतो.

देव त्याला प्रश्न विचारतो. "एलिया, तू इथे काय करतोस?" अशा अर्थाचा तो प्रश्न आहे. पण कधी विचारतो? चाळीस दिवसांनंतर. झुडपाखाली नाही. झुडपाखाली कुणी त्याला विचारलं नाही की तू संदेष्टा असून असं कसं बोललास, तुझा विश्वास कुठे गेला, तुझी प्रार्थना कायद्यात बसते का. तिथे आधी भाकर आली. प्रश्न डोंगरावर.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. १९४४ साली बर्गन-बेल्झनच्या छावणीत पेसाहला मात्सा नव्हता, जी मिळेल ती भाकर खाल्ली नाही तर माणसं मरणार होती. तिथल्या रब्बींनी भाकर खाण्याआधी म्हणायची एक छोटी प्रार्थना रचली, की तुझी इच्छा मात्सा खाण्याची आहे हे आम्हांला ठाऊक आहे, पण जीव वाचवणं हीही तुझीच आज्ञा आहे, अशा अर्थाची. हामेत्स पेसाहात खाणं हे फार मोठं उल्लंघन, आणि त्या रब्बींनी ते आशीर्वादासारखं हातात ठेवलं. सुनेच्या आजीच्या बाबतीत कुठल्या छावणीत काय झालं ते तिने स्वतःजवळच ठेवलं. पण जन्मभर नियमात बसणारे, एक कणही हामेत्स नसलेले पाव ती पेसाहात का करत राहिली असेल, हे मला आता थोडंसं कळतं. तिला दोन्ही हवं होतं. आज्ञाही आणि भाकरही.

मी हे सगळं आईला सांगितलं नाही. मी फक्त संध्याकाळी तिच्याजवळ बसून तो अध्याय मराठीत मोठ्याने वाचला. आईने डोळे मिटून ऐकला आणि शेवटी म्हणाली, "सेदेरच्या टेबलावर नाही. त्या रात्री फक्त मात्सा. दुसऱ्या दिवसानंतर करू दे तिला. मी खाणार नाही." एवढंच. मला ते पुष्कळ झालं.

परवा, सणाच्या दुसऱ्या दिवशी, सून ओट्याशी उभी राहिली. आई खुर्ची ओढून दारात बसली, पहाऱ्यावर. सुनेने पातेल्यात पाणी, तेल, मीठ आणि चिमूटभर साखर घालून उकळायला ठेवलं. आई एकदम ताठ झाली. "गरम पाणी? पिठाला? पेसाहात?" कारण मात्साला गरम पाणी म्हणजे आमंत्रणच हामेत्सला, पीठ लवकर चढतं, म्हणून तर ते रात्रभर निवत ठेवायचं. सून मराठी जेमतेम समजते, पण 'गरम पाणी' तिला कळलं. ती हिब्रूत म्हणाली, "आजी, हे पीठ आधीच भाजलेलं आहे. हा मात्साच आहे, कुटलेला." आणि तिने डबा उघडून आईच्या नाकापुढे धरला. आईने वास घेतला.

मग पाण्याला उकळी आली, गॅस बंद केला, सगळं पीठ एकदम आत पडलं, आणि ती लाकडी चमच्याने जोरात घोटायला लागली. पातेल्यापासून सुटून गोळा एकत्र यायला लागला तशी आई खुर्चीतून उठलीच. "अगं, ही तर उकड आहे!"

उकडच होती. तांदळाच्या भाकरीची काढतो तशी, मोदकाची काढतो तशी. उकळतं पाणी, एकदम पीठ, घोटायचं, झाकायचं. पोलंडमधून आलेल्या बाईने आणि पेणमधून आलेल्या बाईने एकच हात फिरवला होता आणि सोळा वर्षं एकमेकींच्या पातेल्यात डोकावून पाहिलं नव्हतं. आई म्हणाली, "गरम आहे तोवर मळ, हाताला पाणी लाव." सून म्हणाली, "नाही आजी, आता अंडी घालायची, गरम असलं तर शिजतील." "मग झाक आणि ठेव," आई म्हणाली, आणि स्वतःच ताट आणून झाकलं.

त्या पंधरा मिनिटांत सून रडली. आईने काही विचारलं नाही. तिला मराठीत म्हणाली, "रड बाई," आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. रोतेमच्या निखाऱ्यांबद्दल मिद्राशात म्हटलंय की बाहेरून ते विझलेले दिसतात पण आतून जळत असतात. सेदेरच्या रात्री सगळ्यांना वाटलं होतं की पोरगी बरी सावरली.

पाव झाले. घरभर भाजलेल्या अंड्याचा आणि तेलाचा वास. खऱ्या पावाशी त्यांची फसवाफसवी काही नाही, हे मुद्दाम सांगते. जड असतात, आतून पोकळ आणि थोडे ओलसर, दुसऱ्या दिवशी घट्ट होतात. त्यात खमीर नाही, सोडा नाही, अंडी आणि वाफ त्यांना वर उचलते. जे म्हणतात की हे पेसाहात पळवाट काढणं आहे, त्यांनी एकदा खाऊन पाहावेत. ज्याला पावाची आठवण येऊ नये असं वाटतं त्याने जरूर मात्सा खावा. मी स्वतः मात्साच खाते, मला तो आवडतो. पण दुसऱ्याच्या ताटातल्या आकारावर पहारा करणं हे काही तोराने माझ्याकडे सोपवलेलं काम नाही. शवुओतला मंदिरात देवापुढे खमीर घातलेल्या दोन भाकरी आणायच्या होत्या, लेवीय तेवीसमध्ये आहे. सात आठवड्यांनी तोच देव फुगलेली भाकर मागतो.

आईने पाव खाल्ला नाही, आजपर्यंत नाही. काल धाकट्या नातवाने चीजचा तुकडा भरून एक पाव डब्यात घेतला आणि सगळे सहलीला निघाले, तेव्हा आईने डब्याचं झाकण नीट बसलंय का ते दोनदा पाहिलं. आज सकाळी मला विचारत होती, "संपले का? ती पुन्हा करणार असेल तर मला आधी उठव. तिचं घोटणं कमी पडतं."

काही भगिनी कृती विचारतील म्हणून सुनेचा अंदाज वाट्यांत बसवून ठेवला आहे. दोन वाट्या मात्साचं पीठ, एक वाटी पाणी, अर्धी वाटी तेल, एक छोटा चमचा मीठ, एक मोठा चमचा साखर, चार अंडी. उकड काढून कोमट होऊ द्यायची. मग एकेक अंडं घालून प्रत्येक वेळी पूर्ण मिसळेपर्यंत फेटायचं, एकदम चारही घातलीत तर ते पीठ एकजीव करणं अवघड जातं. हाताला तेल लावून गोळे, वरून चीर, आणि १९० अंशांवर पाऊण तास किंवा थोडं जास्त. पहिला अर्धा तास भट्टीचं दार उघडायचं नाही, नाहीतर बसतात. वाटी आपली नेहमीची आमटीची नको, मोठी, कपाएवढी घ्या.

उद्या निर्गम १३:१७ पासून वाचू या: देवाने लोकांना जवळच्या वाटेने का नेलं नाही. सातव्या दिवसाच्या वाचनाआधी ते व्हायला हवं.